वर्गातली चर्चा शिकवण्याआधी घ्यावी की शिकवल्यानंतर?

मूळ मांडणी : मांजराकाठची शिक्षिका (मांजरा नदीकाठची जिल्हा परिषद शाळा, सहावी ते आठवी, विज्ञान)

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले, “मॅडम, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत तुम्ही लेकरांनाच बोलायला लावता, मग शिकवता कधी?” त्या दिवशी वेळ नसल्याने उत्तर राहून गेले, ते येथे देते. ज्यांना पटणार नाही त्यांनीही मोकळेपणाने लिहावे. माझे म्हणणे असे आहे की चर्चा हा शिकवण्याचाच भाग आहे, आणि ती धडा संपल्यावर उजळणी म्हणून घेण्यापेक्षा धड्याच्या आधी घ्यायला हवी.

एप्रिलमधली सकाळची शाळा होती आणि आठवीला बाष्पीभवन शिकवायचे होते. मी आदल्या रात्री भरलेले दोन माठ टेबलावर ठेवले, एक नवा आणि एक चार उन्हाळे वापरलेला. मुलांनी दोन्हींतले पाणी पिऊन पाहिले. नव्यातले गार होते, जुन्यातले जेमतेम. “असे का?” एवढेच विचारले आणि मनात सावकाश पाचपर्यंत आकडे मोजले. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतली संभाषणे तपासून दाखवले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतो, आणि तोच थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांबतात व एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. त्यानंतर दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलायचे आणि मग वर्गाला सांगायचे. शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘विचार करा, जोडीत बोला, सर्वांना सांगा’ ही रीत ती हीच.

बहुतेकांचे म्हणणे पडले की माती मुळातच थंड असते. मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, आमच्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला पांढरा थर बसतो. जुन्या माठाची बारीक भोकं तशीच बुजली असतील.” मी तिलाच पुढे बोलावून दोन्ही माठांवरून बोट फिरवायला सांगितले. नवा बाहेरून ओलसर लागला, जुना कोरडा. त्यानंतर पाझरलेले पाणी उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जाते हे सांगायला मला तीन मिनिटे पुरली, कारण तोवर सगळ्या वर्गाला ते जाणून घ्यायचे होते. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी सांगितलेली गोष्ट हीच आहे की आधीच्या समजुतीला धक्का बसला की मूल नव्या समजुतीसाठी जागा करते.

लातूरचा भौतिकशास्त्र शिक्षक

मॅडम, तुमचा पाठ सुंदर आहे, तरीही तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. त्या दिवशी ती मुलगी गैरहजर असती तर काय झाले असते याचा विचार करावा. ‘माती थंडच असते’ या मतावर वर्गाचे एकमत झाले असते, आणि एकमताने पक्की झालेली चूक एकट्याच्या चुकीपेक्षा उपटायला अवघड जाते. अकरावीच्या वर्गात मी हे पाहिले आहे. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना त्याच्यावर कोणते बल असते, असे विचारून मुलांना गटांत बोलायला सोडले, तेव्हा हाताने दिलेले बल तेथपर्यंत चेंडूसोबत असते, असे आत्मविश्वासाने सांगणाऱ्यांची संख्या चर्चेनंतर वाढली होती. खरे तर हवेचा रोध सोडला तर तेथे फक्त गुरुत्वीय बल असते. ती समजूत काढण्यात माझे पुढचे दोन तास गेले.

याला सिद्धान्ताचाही आधार आहे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांचा बोधात्मक भाराचा सिद्धान्त सांगतो की माणसाची कार्यकारी स्मृती एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी धरू शकते. ज्याला विषय नवा आहे त्याने उत्तर शोधायचे, गटातल्यांचे ऐकायचे आणि आपले मतही मांडायचे, हा भार त्याला पेलत नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ च्या आपल्या लेखात हेच ठामपणे मांडले की नवशिक्याला तुटपुंज्या मार्गदर्शनावर सोडण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे दाखवून थेट शिकवणे अधिक परिणामकारक ठरते. विद्यार्थी तयार झाला की मार्गदर्शन कमी करत न्यावे आणि चर्चा तेव्हा घ्यावी.

‘लातूर पॅटर्न’ला घोकंपट्टी म्हणून नावे ठेवणाऱ्यांना हेही सांगावेसे वाटते की औसा, निलंगा, अहमदपूरच्या खेड्यांतून येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कोणी अकरावीला पोहोचलेल्या मुलांना नेटके शिकवणे, सराव आणि चाचणी यांच्या बळावर वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडले गेले. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. त्या मुलांचा वेळ ही त्यांच्या आईबापांची ठेव आहे, आणि ती खर्च करताना माझा हात आखडतो.

तांड्यावरचे गुरुजी (दोनशिक्षकी शाळा, बीड जिल्हा)

आधी की नंतर, या वादात पडण्यापूर्वी मला विचारायचे आहे की चर्चेत बोलते कोण. माझ्याकडे दोन वर्ग एका खोलीत बसतात. दिवाळीनंतर निम्मे आईबाप ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांवर जातात. काही लेकरे हंगामी वसतिगृहामुळे गावात राहतात, काही बैलगाडीत बसून जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. परतलेले लेकरू खाली मान घालून बसते, कारण मधल्या चार महिन्यांत वर्गाने काय केले ते त्याला ठाऊक नसते. शिवाय घरात गोरमाटी (बंजारा बोली) आणि पुस्तकात प्रमाण मराठी. अशा वर्गात ‘चर्चा करा’ म्हटले की पोलीस पाटलांचा नातू आणि अंगणवाडी ताईंची मुलगी बोलतात, बाकीचे ऐकतात.

लातूरच्या सरांची पद्धत या लेकरांना बोलते करत नाही, आणि मॅडमची पद्धतही आपोआप करणार नाही. मी एक साधी गोष्ट करतो. चर्चेच्या आधी प्रत्येकाच्या हातावर दोन चिंचोके ठेवतो. बोलले की एक चिंचोका मधल्या ताटलीत टाकायचा, आणि दोन्ही संपले की इतरांचे संपेपर्यंत ऐकायचे. पहिले काही दिवस चिंचोके मुठीतच घामेजतात. यंदा कारखान्यावरून परतलेल्या चौथीतल्या एका मुलाने तीन दिवस ताटलीकडे नुसते पाहिले. चौथ्या दिवशी वजनाचे गणित चालू होते, तेव्हा त्याने एकदम दोन्ही चिंचोके टाकले आणि उसाच्या मोळ्या, गाडीचे वजन आणि काट्यावर होणारी घट हे सगळे गोरमाटीत सांगितले. एका पोरीने त्याचे मराठी केले. मानसशास्त्रज्ञ विगॉट्स्की म्हणतात की मूल एकट्याने जे करू शकत नाही ते जाणत्याच्या सोबतीने करू शकते. त्या दिवशी वजनात तो जाणता होता आणि मराठीत ती.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भयमुक्त ठेवावे आणि आपले मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यात हुशार मुलापुरते, असे लिहिलेले नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, नांदेड

गुरुजींनी मुद्द्याला हात घातला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानरचनावाद (मूल आपले ज्ञान स्वतः घडवते हा विचार) आणला आणि पुढे ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या काळात शाळाशाळांत फरशीवर आकृत्या रंगल्या, भिंतींना तळफळे (मुलांच्या हाताला येतील असे खालचे फळे) लागले. एका तपासणीत माझ्या शाळेत अधिकाऱ्यांनी फरशी पाहिली, फोटो काढले आणि वर्गात एकाही मुलाशी न बोलता ते निघून गेले. याची मला आजही खंत वाटते. शिक्षकाला प्रश्न विचारायला कोणी शिकवलेच नाही, फक्त रंग पुरवला. चर्चा फसते ती बहुतेक वेळा प्रश्न कच्चा असल्यामुळे.

मांजराकाठची शिक्षिका

लातूरच्या सरांचा पहिला आक्षेप खरा आहे आणि त्यावर मी पुष्कळ विचार केला. ती मुलगी नसती तर मी दोन्ही माठांवरून हात फिरवायला लावणारच होते. बोट ओले होते की कोरडे, हे बहुमतावर ठरत नाही. ज्या चर्चेचा निकाल हाताने तपासता येत नाही किंवा फळ्यावर मांडून दाखवता येत नाही, ती मी धड्याआधी घेत नाही. हे मूळ मांडणीत लिहायचे राहिले.

गटातली चूक पसरण्यावर हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मॅझुर यांनी एक उपाय सांगितला आहे. १९९० च्या दशकापासून त्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत मुले आधी एकेकटी उत्तर निवडतात, मग शेजाऱ्याला पटवतात आणि पुन्हा निवडतात. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तरच चर्चा घ्यायची, हे त्यातले मर्म आहे. त्याहून जास्त असतील तर चर्चेची गरज नसते. त्याहून कमी असतील तर पटवून देणाराच वर्गात नसतो. सरांच्या चेंडूच्या प्रश्नाला बहुधा हेच झाले असावे. मी हे पुठ्ठ्याच्या अ, ब, क, ड अशा चार पाट्यांवर करते. त्या छातीशी धरायच्या, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत.

चिंचोके मी सोमवारपासून आणणार आहे. माझ्या वर्गात हात वर करणारी मुले तीच ती सात-आठ आहेत, हे गुरुजींचे लिहिणे वाचताना जाणवले आणि वाईट वाटले.

लातूरचा भौतिकशास्त्र शिक्षक

मॅझुर यांच्या वर्गातली मुले धडा वाचून येतात, हा फरक लक्षात घ्यावा. म्हणजे तेथेही थोडे शिकणे आधी झालेले असते, आणि त्या अर्थाने माझा क्रम मी सोडत नाही. पण चेंडूचा प्रश्न गटांत सोडण्यापूर्वी मी उत्तरे मोजली नव्हती, ही चूक माझी. पुढच्या तुकडीला मी आधी पंधरा मिनिटे शिकवीन, पाट्या वर करायला लावीन आणि मगच जोड्या पाडीन. एक विचारतो. तुमच्या वर्गात पाट्या वर झाल्या आणि चाळीसपैकी सहाच बरोबर निघाल्या, तर उरलेल्या तासिकेचे तुम्ही काय करता?

मांजराकाठची शिक्षिका

पाट्या खाली ठेवायला सांगते, खडू घेते आणि शिकवते, सर. सोडवलेले एक उदाहरण, मग अर्धे सोडवलेले दुसरे, जसे तुम्ही म्हणता तसेच. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आकडे बदलून पुन्हा विचारते.