मदत हवी आहे: 'इट टेक्स टू' या दोघांनी मिळून खेळायच्या व्हिडिओ गेममधला 'रोझेस रूम' हा चॅप्टर किती बैठकांत उरकावा?

गेममध्ये एकूण 7 चॅप्टर, सगळ्यांचा मिळून वेळ साधारण 12 ते 14 तास. आम्हा दोघांना एका बैठकीला जेमतेम दीड तास मिळतो. 'शेड' आणि 'ट्री' झाले. पण 'रोझेस रूम' सगळ्यांत लांबलचक: पिलो फोर्ट, स्पेस्ड आउट, हॉपस्कॉच, ट्रेन स्टेशन, डिनो लँड, पायरेट्स... संपता संपत नाही! पहिला थांबा 'स्पेस्ड आउट'चा बॉस (शेवटचा मोठा शत्रू) मून बबूनला हरवल्यावर घेऊ; बॉसशी ऐन झुंजीत उठलं की हात बसलेला जातो. दुसरा चाच्यांच्या जहाजानंतर घ्यावा, की त्यापुढचा सर्कसचा भाग उरकून? चॅप्टर सिलेक्टमधून हवा तो उपविभाग उघडतो, ती अडचण नाही. वाटेतले मिनीगेम सापडले की मेनूतून नंतरही खेळता येतात, म्हणून तूर्त नुसते उघडून पुढे जायचं. त्याने अंदाजे किती वेळ वाचेल?