मदत हवी आहे: डीजे माझं गाणं लावत नाहीत, 'इंट्रो बसत नाही' म्हणतात

वरळीकर: कोळीगीताच्या चालीवर डान्स ट्रॅक केलाय. दोन डीजेंना पाठवला, दोघांचं एकच, इंट्रो बसत नाही. परवा भांडुपला हळद आहे, तिथे वाजायलाच हवा. काय बदलू? लवकर सांगा.

किकवाला: बीपीएम किती, म्हणजे मिनिटाला ठोके? सुरुवातीला काय आहे?

वरळीकर: १२०. लाटा, मग बाईची लांब हाक, मग ढोलकी.

किकवाला: मग चालू गाण्याशी तुझं गाणं जुळवताना डीजेला हेडफोनमध्ये पकडायला ठोकाच नाही. पहिल्या ठोक्यापासून किक (ड्रमचा जड ठोका) आणि हॅट (झांजेची टिकटिक) टाक, १६ बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे १६ गट. १२० ला ते ३२ सेकंद होतात. तोवर बेस नको, गळा नको. आधीच्या गाण्याचा बेस चालूच असतो, दोन एकत्र आले की नुसता घुमतो. ८ बार झाले की टाळ वगैरे आण, म्हणजे डीजेला जागा कळते. शेवटीही तसेच १६ बार सोड.

ठेकेदार_दादर: सारखं किक काय? कोळीगीताचा ठेका सहाचा. सरळ किकखाली त्याचं डुलणं मरतं. ढोलकीच ठेव.

किकवाला: ठेवू दे की. एका ठोक्याचे तीन भाग ढोलकी करते, किक ठोक्यावरच पडते. अडतं कुठे?

गिरगावकर: डीजे हवाच कशाला? बेंजो पार्टी सांगा. आमच्या वाडीत अजून तीच असते. आणि रात्री १० ला स्पीकर बंद करावा लागतो, हे लक्षात ठेवा.

मास्टरिंगप्रेमी: आवाज कमी असेल. लिमिटर (आवाजाची टोकं दाबून एकूण आवाज वाढवणारं साधन) लावून बघ.

किकवाला: आवाजाचं कोणी विचारलंच नाही. वरळीकर, ढोलकी क्लिकवर, म्हणजे कानातल्या ठरावीक टकटकीवर वाजवलीय ना?

वरळीकर: नाही. काका म्हणाले, कानात टकटक नको. १२० सॉफ्टवेअरने दाखवलं.

किकवाला: हे आधी सांगायचं! कडव्यात १२३ वगैरे होत असणार, डीजेने जुळवलेलं तिथे सुटतं.

ठेकेदार_दादर: इथे किकवाल्याचं बरोबर. पण ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या समान ठोक्यांच्या रेघांवर) बसवताना प्रत्येक बारचा पहिला ठोकाच ओढ. मधल्या थापा हलवल्यास तर ढोलकी मशीनसारखी वाजेल.

वरळीकर: रात्री २ पर्यंत बसून केलं. दुसऱ्या कडव्यात खरंच पुढे पळत होती. लाटा आणि हाक मधल्या ब्रेकमध्ये नेली. एमपी३ पाठवू?

किकवाला: वेव्ह (WAV) फाइल पाठव. एमपी३ च्या सुरुवातीला बारीकशी रिकामी जागा राहू शकते.

ठेकेदार_दादर: आणि पाठवण्याआधी काकांना ऐकव. थाप त्यांची आहे.