गवताळ कुरणं आणि नत्र: दोषी खत की आम्ल?

माळकरी
'नत्र वाढलं की कुरणं मरतात' हे वाक्य हल्ली सर्रास वाचायला मिळतं. मला ते अर्धवट वाटतं. नत्राच्या नावावर जी पापं खपवली जातात, त्यातली बरीचशी आम्लाची आहेत.

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लॉज आणि गिल्बर्ट या संशोधकांनी १८५६ साली एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला दरवर्षी ठरलेलं खत द्यायला सुरुवात केली. हा 'पार्क ग्रास' प्रयोग आजही चालू आहे. त्यात काही तुकड्यांना नत्र अमोनियम सल्फेटमधून मिळतं, काहींना सोडियम नायट्रेटमधून. हेक्टरी ९६ किलोची मात्रा दोन्ही प्रकारांत आहे. आता फरक बघा. अमोनियम मिळालेल्या, पण आम्ल मारणारा चुना न मिळालेल्या तुकड्याचा सामू (pH; जितका कमी तितकी माती आम्ल) ४ च्याही खाली गेलाय आणि तिथे जेमतेम दोन-तीन जातींची गवतं उरलीत. नायट्रेटवाल्या तुकड्याचा सामू ६ च्या आसपास आहे आणि तिथे त्याहून कितीतरी जास्त जाती नांदतात. नत्र तेवढंच, मग दोष कुणाचा?

कारण साधं आहे. मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात तेव्हा अमोनियमच्या एका कणामागे हायड्रोजनचे दोन आयन सुटतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला मातीच्या कणांवरून हुसकून लावतात आणि पाऊस त्यांना खाली घेऊन जातो. सामू आणखी घसरला की अॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळं आखडतात.

सावलीतलं_गवत
माळकरी, तुम्ही सोयीचा तेवढा अर्धा प्रयोग सांगितलात. त्याच कुरणात खत न घातलेल्या तुकड्यांवर ३५-४० जाती आहेत. नायट्रेटबरोबर स्फुरद-पालाशही मिळालेल्या तुकड्यांवर सामू चांगला असूनही जाती त्याहून कमी आहेत. तिथे आम्ल कुठून आणणार?

उत्तर सावलीत आहे. नत्र मिळालं की उंच गवतं सुसाट वाढतात आणि बुटक्या झाडांपर्यंत ऊन पोचत नाही. २००९ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी खत दिलेल्या गवताखाली कृत्रिम दिवे लावले. खाली प्रकाश पोचताच जातींची घट बरीचशी थांबली. दिव्याने सामू बदलत नाही हो!

डेअरीवाला_अण्णा
दोघांनाही नमस्कार. जाती मोजायचं काम तुमचं, आम्ही पेंढ्या मोजतो. नत्राने वैरण वाढते की नाही तेवढं सांगा. वाढत असेल तर कुठलं रानफूल गेलं याचं मला काय?

माळकरी
अण्णा, वाढते, पण कायम नाही. पार्क ग्रासमध्ये आम्ल झालेल्या बिनचुन्याच्या तुकड्यांचं उत्पन्न चुना दिलेल्या तुकड्यांपेक्षा कमी येतं. गवत नीट कुजतच नाही, वर्षानुवर्षांचा वाळलेला थर जमिनीवर तसाच पडून राहतो, कारण तिथे गांडुळं टिकत नाहीत. म्हणजे खताचे पैसे खर्च करायचे आणि गवत कुजवणारे मजूर, म्हणजे गांडुळं, हाकलून द्यायचे.

सावलीचा मुद्दा मान्य, पण तो दुसरा टप्पा. चीनमधल्या इनर मंगोलियात गवत मुळात आखूड, सावलीचा प्रश्न कमी. तरीही नत्र घातल्यावर माती आम्ल होऊन मँगेनीज सुटलं. रुंद पानांच्या वनस्पतींच्या पानांत ते साठलं, त्यांचं प्रकाशसंश्लेषण मंदावलं आणि त्या मागे पडल्या. गवतांना फारसा धक्का बसला नाही.

सावलीतलं_गवत
'दुसरा टप्पा' ही तुमची सोय झाली. पाऊस भरपूर, गवत दाट अशा जागी सावली पहिला टप्पा असते. मंगोलियासारख्या कोरड्या गवताळ माळावरून (स्टेप) सगळ्या जगाचा निकाल लावू नका. आणि पार्क ग्रासमध्येच १९८९ पासून काही तुकड्यांच्या अर्ध्या भागाचं नत्र थांबवलं, तिथे जाती परत येऊ लागल्या. नत्र निर्दोष असेल तर ते थांबवून फायदा का व्हावा?

माळकरी
कारण अमोनियम थांबवणं म्हणजे आम्लाचा नळ बंद करणं. पण तळाला साचलेलं आम्ल नळ बंद केल्याने जात नाही, त्याला चुनाच लागतो.

जांभ्याची_वाडी
इंग्लंड-मंगोलियाचं राहू द्या, आपल्याकडे काय? माझी दापोलीजवळ जांभ्याची जमीन आहे. आधीच आम्ल, त्यात पाऊस धो-धो. कड्याच्या गवताला युरिया टाकू का?

सावलीतलं_गवत
युरिया अमोनियम सल्फेटइतका आम्ल करत नाही. मातीत त्याचं अमोनियम होताना तो आधी थोडं आम्ल खातो, मग नायट्रेट होताना सोडतो, हिशेब निम्म्यावर येतो. पण कोकणात पावसाने नायट्रेट वाहून गेलं की ते आम्ल मागे राहतं. आधी माती परीक्षण करून घ्या. देशावर चुनखडीच्या काळ्या रानात मात्र ही भीती कमी, तिथला चुनाच आम्ल रिचवतो.

डेअरीवाला_अण्णा
चुनखडीच्या रानातला शेतकरी युरियाची गोणी अडीचशे-पावणेतीनशेत मिळते म्हणून वाटेल तेवढी टाकतो, हेही लिहा. मला अजून माझं उत्तर मिळालेलं नाही: वैरणीच्या नेपिअर गवताला युरिया मोजून किती?

माळकरी
अण्णा, नेपिअर म्हणजे लावलेलं पीक, दर कापणीला खत मागणारं. गायरानातल्या गवताशी त्याची तुलना नको. वेगळा धागा काढा, तिथे येतो.