अलास्का क्रूझवरून देवमासे, अस्वलं खरंच दिसतात का? मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन अलास्काला चाललोय. व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर, सात रात्री. केचिकन, जुनो, स्कॅग्वे ही बंदरं आणि एक अख्खा दिवस ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्यांच्या खाडीतलं राष्ट्रीय उद्यान. तिकिटं, व्हिसे, केबिन (बाल्कनीवाली, जहाजाची डावी बाजू) सगळं झालंय, तेव्हा "हे जहाज नको, ते घ्या" आता उपयोगाचं नाही.

प्रश्न बाबांचा आहे. वय ७३. पुण्यात टेकडी आणि पाषाणचा तलाव इथे पक्षी बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली, सगळ्या नोंदी वहीत. ते मला रोज फोनवर विचारतात, "एवढ्या बारा मजली जहाजावरून दिसणार काय? डोंगर आणि धुकं?" यामागे इतिहास आहे. दोन वर्षांपूर्वी कोकणात डॉल्फिन सफरीला गेलो होतो. एका पंखामागे आठ होड्या. "ते बघा, ते बघा" म्हणेपर्यंत संपलंसुद्धा. तेव्हापासून डॉल्फिनचा विषय निघाला की बाबा म्हणतात, "आहे ना माझ्याकडे फोटो. पाण्याचा."

तर जाणकारांनी सांगा. बाल्कनीत खुर्ची टाकून बसलं तर दिसतं, की डेकवरच जायला हवं? बाबांचे गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत. त्यांची जुनी ८×४० दुर्बीण चालेल का, की १२ पटीची नवी घेऊ? जुनोला देवमाशांची वेगळी सफर घ्यावी की जहाजावरूनच भागेल? आणि आईला बोट लागते, त्याचं काय?

सिअ‍ॅटलकर

तीनदा जाऊन आलोय, त्यातला एकदा चुकीचा. चुकीचा म्हणजे पहिला. बाल्कनीत बसलो, फोन बघत राहिलो, आणि रात्री जेवणाच्या टेबलावर शेजारचे आजोबा सांगत होते की सकाळी अकरा देवमासे मोजले.

बाल्कनीतून अर्धाच समुद्र दिसतो, आणि जनावर दुसऱ्या बाजूला असलं की बाहेर धावेपर्यंत खेळ खलास. प्रॉमनेड डेकवर, म्हणजे जहाजाभोवती फिरणारी जी खालची उघडी गॅलरी असते तिथे, बाबांना बसवा. खुर्च्या असतात, पाणी जवळ असतं, बाजू बदलायला दोन मिनिटं पुरतात. वरच्या मजल्यावरून देखावा छान, पण पाणमांजर मुंगीएवढं दिसतं. डाव्या-उजव्याची काळजी सोडा. ग्लेशियर बेमध्ये मार्जरी हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरवतात, दोन्ही बाजूंना सगळं दिसतं.

ग्लेशियर बेचा दिवस मात्र पहाटेपासून जागा. तिथे दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावर काय कुठे आहे ते सांगतात. पण बहुतेक प्रवासी नाश्ता उरकून हिमनदीच्या वेळेला वर येतात, आणि देवमासे असतात खाडीच्या तोंडाशी! तिथेच त्यांचं खाणं असतं. म्हणून तिथे जहाजांच्या वेगावरही बंधनं आहेत. नाश्ता हातात घेऊन बाहेर या.

त्यानंतर साउथ मार्बल नावाचं छोटं बेट लागतं. त्यावर स्टेलर समुद्रसिंह पहुडलेले असतात, आणि पफिन नावाचे समुद्रपक्षीसुद्धा. बाबांना सांगा, डोक्यावर पिवळे झुपके असलेला पफिन इथे आहे. पुढे ग्लूमी नॉब नावाचा बोडका डोंगर येतो. त्याच्या कड्यावर पांढरे ठिपके दिसतील. बराच वेळ बघा. ठिपका हलला तर पहाडी बकरी, नाही हलला तर बर्फ. (किंवा झोपलेली बकरी. आमच्यात यावरून वाद झाला होता.)

जुनोची वेगळी सफर घ्याच. तिथल्या ऑक बे बंदरातून बोटी सुटतात. अगदी छोटी बोट घेऊ नका, आईबाबांसाठी बंद केबिन आणि शौचालय असलेली घ्या. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईला विणीसाठी जातात आणि उन्हाळा इथे खाण्यात घालवतात, तेव्हा जुलैत जुनोला ते न दिसणं फार अवघड.

खारवी

मोठी क्रूझ म्हणजे तरंगतं लग्नाचं कार्यालय, प्राणी बघायचे तर त्यासाठी जायचंच नाही. अलास्काची सरकारी फेरीबोट १९६३ पासून त्याच पाण्यातून जाते. स्थानिक लोक, शाळेची पोरं, कुत्री सगळे त्यात. आम्ही डेकवर स्लीपिंग बॅग टाकून झोपलो होतो. पुढच्या वेळी विचार करा.

रानजाई

@खारवी, ७३ वर्षांच्या बाबांना स्लीपिंग बॅग? आई मला घरात घेणार नाही. पण कल्पना आवडली, माझ्यापुरती टिपून ठेवली.

@सिअ‍ॅटलकर, खूप धन्यवाद. बाबांना पफिन सांगितला. फोनवर दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "झुपकेवाला ना? मग बघू."

मोगरा

आईंच्या बोट लागण्याबद्दल. हा मार्ग बहुतेक बेटांच्या आडोशाने जातो, पाणी तलावासारखं असतं. व्हँकुव्हर बेट संपल्यावर क्वीन शार्लट साउंड आणि पुढे डिक्सन एंट्रन्स एवढे दोन पट्टे उघड्या समुद्राचे, तेवढंच हलतं. गोळी डॉक्टरांना विचारून न्या, बाकीच्या औषधांशी जमते का ते बघून. माझ्या सासूबाई गोळी न घेता, साबण चघळल्यासारखं तोंड करून आलेपाक खात बसल्या होत्या, निभावलं.

कपडे: कानटोपी, मफलर, वारा न शिरणारं जाकीट, हातमोजे. जुलै आहे म्हणून फसू नका. हिमनदीसमोर उभं राहिलं की फ्रीजचं दार उघडल्यासारखी हवा अंगावर येते. आणि पाऊस असतोच, कोकणासारखा धो धो नव्हे, दिवसभर चिरचिर.

टेकडीवरचा

दुर्बिणीबद्दल माझं ऐका. १२ पटीची अजिबात घेऊ नका. जहाज थरथरतं, हात थरथरतो, आणि १२ पटीत ती थरथरही १२ पट होते. बाबांची ८×४० उत्तम आहे, फक्त कोपरं कठड्यावर टेकवायची.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी उघड्या डोळ्यांनी शोधायचं, मग दुर्बीण लावायची. लोक उलटं करतात आणि तासभर नळीतून लाटा बघतात. प्राणी शोधूच नका, पाण्यात "काहीतरी वेगळं" शोधा. देवमाशाचा फवारा दोन-तीन मीटर उंच, झुडपासारखा. काळ्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या धुराचा झोत दिसतो आणि विरतो. कुरव पक्ष्यांचा थवा एकाच जागी गोल फिरून पाण्यात झेपावतोय, तर खाली मासळी आहे, आणि मासळी आहे तिथे मोठा पाहुणा येतोच. फवारा तीन-चार वेळा दिसतो, मग पाठ कमानीसारखी वाकते आणि शेपटी वर येते. शेपटी वर आली की समजा खोल बुडी, आता पाच-सात मिनिटं चहा प्या. पण नजर तिथून हलवू नका.

फसवणाऱ्या गोष्टीही सांगतो. तरंगणारे ओंडके हे अर्धे "देवमासे" असतात. केल्प नावाच्या समुद्री वनस्पतीचं गोल बोंड पाण्यावर डुलतं, ते हुबेहूब पाणमांजराचं डोकं वाटतं. फरक एवढाच की पाणमांजर उताणं असतं आणि पायाचे पंजे वर काढतं. ही पाणमांजरं फरच्या व्यापारात इथून पार संपली होती, १९६० च्या दशकात मुख्यतः अल्यूशियन बेटांवरून सुमारे चारशे आणून सोडली. आज ग्लेशियर बेमध्येच हजारोंनी आहेत.

अस्वलासाठी ओहोटीची वेळ बघून ठेवा. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. तिथे भरती-ओहोटीत वीस फुटांहून जास्त फरक पडतो. पाणी उतरलं की तपकिरी अस्वलं किनाऱ्यावर येऊन दगड उलथे करतात, खालचे शिंपले-कालवं खायला. बाल्ड ईगल तर झाडांच्या शेंड्यावर पांढरा चेंडू अडकल्यासारखा दिसेल. वेळासला समुद्री गरुडाचं घरटं पाहिलं असेल बाबांनी, हा त्याचा जवळचा नातलग.

सिअ‍ॅटलकर

+१. आणखी एक, जुनोलाच मेंडेनहॉल हिमनदीपाशी स्टीप क्रीक म्हणून ओढा आहे, लाकडी पायवाट सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. जुलैच्या मध्यापासून सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढायला लागले की काळी अस्वलं येतात. खिशात खायचं काही ठेवू नका. स्कॅग्वेत मात्र प्राणी शोधत बसू नका, तिथली जुनी रेल्वे बघा.

आणि परतीच्या शेवटच्या संध्याकाळी सामान भरत बसू नका! उजेड असताना जहाज व्हँकुव्हर बेटालगतच्या जॉनस्टन स्ट्रेट या सामुद्रधुनीतून जात असेल तर बाहेर उभे राहा. तिथे ओर्का, म्हणजे काळेपांढरे "किलर व्हेल", उन्हाळ्यात सॅमनमागे येतात, किनाऱ्यावरच्या गोट्यांवर अंग घासतात. नराचा पाठीवरचा पंख सहा फुटांपर्यंत उंच असतो, काळी पाटी पाण्यातून सरकत गेल्यासारखा.

रानजाई

धागा वर काढतेय. परवा परत आलो. सगळ्यांना शंभर नमस्कार, आता वृत्तान्त.

पहिला पूर्ण दिवस समुद्रात. धुकं इतकं की कठड्यापलीकडे दुधाची पातेली उपडी केल्यासारखं. बाबा चार तास खुर्चीत, एक नोंद: "कुरव, बहुधा." रात्री जेवताना काही बोलले नाहीत. मला सारखं वाटत होतं की आता पाण्याचा फोटो येणार.

केचिकनला ओढ्यावरच्या पुलाशेजारी ईगल, अगदी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसासारखा बसलेला. बाबांनी वीस मिनिटं दुर्बीण खाली घेतली नाही.

जुनोला सफर घेतली. बोट मोठी, आत हीटर. कप्तानाने एका जागी इंजिन बंद केलं, शंभर यार्डांच्या आत मुद्दाम जायला परवानगी नाही म्हणाला. सगळे गप्प. मग मागून एकदम फूऽऽस! मोठ्या कुकरची शिट्टी हाताने उचलावी तसा आवाज. वळलो तर पाण्यावर वाफ तरंगत होती आणि ती आमच्याकडे आली. काय वास! दुपारी दोनला मासळी बाजार धुऊन काढायच्या आधीचा वास. आईने पदर नाकाला लावला आणि हसायला लागली. देवमासाच जवळ आला होता, आम्ही कुठे गेलो होतो? नंतर पाठ वाकली, शेपटी वर आली, खालून पांढरी आणि त्यावर काळे ओरखडे. मी घड्याळ लावलं. सहा मिनिटं दहा सेकंद. @टेकडीवरचा, तुम्ही बरोबर होतात.

आणि ग्लेशियर बे. पहाटे साडेपाचला खाली डेकवर आम्ही तिघं आणि एक जपानी जोडपं. बाबा सारखे दुर्बिणीत. आई मात्र कठड्याला टेकून नुसती बघत होती, ताटात तांदूळ निवडायला घेतल्यासारखी. खडा दिसला की बोट ठेवायची: "ते काय?" पहिला फवारा तिला दिसला. दुसराही. पाणमांजर तिनेच ओळखलं, पोटावर पिल्लू घेऊन उताणं. बाबांनी आधी "केल्प" म्हणून उडवून लावलं होतं. दुपारी खाडीतून परत येताना ओहोटी होती, तेव्हा किनाऱ्यावरचा एक तपकिरी दगड हलतोय असं आईच म्हणाली. दुर्बीण लावली तर अस्वल. एक पंजा दगडाखाली घालून तो सहज पलटत होतं, आपण पोळी उलटतो तसं. बाबांचे हात इतके कापत होते की कोपरं टेकवूनसुद्धा दिसेना, शेवटी मी मागून दुर्बीण धरली.

पफिन दिसला. एकच, उडत, लांबून. बाबांनी वहीत त्याला अर्ध पान दिलंय आणि अस्वलाला दोन ओळी. पक्षीवाल्यांचं असंच.

जॉनस्टन स्ट्रेटमध्ये ओर्का नाही मिळाले, साडेनऊपर्यंत उभे होतो. पण एक शंका आहे. डिक्सन एंट्रन्सच्या जवळ जहाजाच्या पुढ्यात काळंपांढरं काहीतरी सुसाट गेलं, दोन मीटरचं असेल, पाण्याचा तुरा उडवत. पाठ पुरती वरही येत नव्हती. बाबांनी "ओर्काचं पिल्लू" लिहिलंय. फोटोत नुसता फेस आलाय. कुणी सांगेल का?

टेकडीवरचा

ओर्का नव्हे, डॉल पॉरपॉईज, डॉल्फिनसारखाच पण छोटा, गुटगुटीत. त्या समुद्रातल्या सगळ्यात सुसाट प्राण्यांपैकी एक. तुरा उडवत जाणं हीच त्याची खूण, ओर्काचं पिल्लू असं एकटं फिरत नाही, आईला चिकटून असतं. शिवाय ओर्काला डोळ्यामागे पांढरा ठिपका असतो, याला तो नसतो, पांढरा पट्टा कुशीवर. ही चूक जवळजवळ प्रत्येकाची होते. माझीही झाली होती, आणि मी तर घरी सगळ्यांना पेढे वाटले होते.

रानजाई

हाहा. बाबांना सांगितलं. त्यांनी वहीतलं खोडलं नाही, कंसात घातलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. आता विचारताहेत, याचं मराठी नाव काय लिहू? कुणाला माहीत असेल तर सांगा, मी उद्या परत बघते.