केर काढून फरशी पुसणारा रोबो: पुसतो का खरंच?

धूळभेट
आईला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, मी दिवसभर बाहेर. व्हॅक्यूम आणि मॉप एकत्र असलेला रोबो घ्यावा म्हणतेय. गुळगुळीत फरशी, एक काळा गालिचा, एक केसाळ मांजर. जाहिरातीत सगळेच हजारो पास्कलच्या, म्हणजे धूळ ओढण्याच्या जोराच्या, गप्पा मारतात. वापरणाऱ्यांनी खरं काय ते सांगा.

तिरपागडा
तीन वर्षं वापरतोय. केर उत्तम, पुसणं जेमतेम. माझा साधा आहे, मागे ओलं फडकं लावून तेच ओढत फिरतो. रोजची बारीक धूळ जाते, पण वाळलेल्या चिकट डागावरून तीनदा गेला तरी डाग तिथेच, फक्त चकाकतो. आणि मधे फडकं कोण धुणार? पहिल्या खोलीचा मळ शेवटच्या खोलीत. म्हणून मी आधी नुसता केर काढायला लावतो, मग फडकं बसवून पुन्हा सोडतो. दोन्ही एकदम केलं की राहिलेले केस भिजून त्यांच्या वाती होतात.

मांजरीचे केस ब्रशच्या टोकांशी जाऊन बसतात. टोपी काढलीत की आत केसांची घट्ट अंगठी सापडेल, ब्लेडने कापावी लागते. मी एकदा दोन महिने आळस केला आणि ब्रश फिरेनासा झाल्यावर मोटर गेली म्हणून गळा काढला.

पास्कल सोडा. ब्रश फरशीला नीट टेकतो की नाही ते त्या आकड्यात दिसत नाही. त्यापेक्षा मोजपट्टी घेऊन फर्निचरखाली बघा. डोक्यावर लेझरची टोपी असलेले बरेचसे साडेनऊ-दहा सेंटिमीटर उंच असतात. आमच्या पलंगाखाली नऊच. तिथली धूळ अजून मीच काढतो, पालथा पडून.

खिडकीपाशी
काळ्या गालिच्याचं बघा हं. पायरीवरून पडू नये म्हणून रोबोच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात. गडद काळ्यावरून उजेड परत येत नाही, मग त्याला वाटतं पुढे खड्डा. आमचा काठाशी येऊन अडून बसतो.

पुसायला गोल फिरणारी पॅड असलेले काही रोबो गालिचा ओळखून पॅड साधारण एक सेंटिमीटर उचलतात. लांब धाग्यांना तेवढं पुरत नाही, ॲपमध्ये तो भाग वगळा. पॅड धुणारा डॉक (रोबो चार्ज व्हायला परत येतो तो तळ) घेतलात तर मळक्या पाण्याची टाकी रोज ओता. मी चार दिवस विसरले होते. झाकण उघडलं आणि नाक धरून पळाले.

तिरपागडा
हो, आणि मांजर कुठे ओकली असेल तर रोबो ते घरभर सारवून ठेवतो. मी घरी कोणी नसताना सोडत नाही.

पण ताई, आईंना वाकता येत नाही म्हणताय ना? माझ्या रोबोचा केराचा डबा काढायला रोज जमिनीपर्यंत वाकावं लागतं, फडकं काढायला तर उलटाच करावा लागतो.

धूळभेट
हे डोक्यातच आलं नव्हतं! मग डबा आपोआप रिकामा करणारा डॉकच बघते, टाक्या वरून उचलता येणारा. उंची आईला उभं राहून हात पुरेल एवढी हवी. मोजपट्टी काढलीच आहे.