काळा घोडा-कुलाब्यात दोन रात्री : बुटीक हॉटेल घेताना नेमकं काय बघायचं?

खिडकीची_जागा (धागाकर्ती)

लग्नाचा दहावा वाढदिवस जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी येतोय. आम्ही दोघं डोंबिवलीचे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार दक्षिण मुंबईत राहायचं आहे. पंचतारांकित नको, जुन्या इमारतीतलं, वीस-पंचवीस खोल्यांचं, नीट सजवलेलं छोटं हॉटेल हवंय. बजेट दोन रात्रींचं, करासकट १६,००० रुपये.

१. कुलाबा, काळा घोडा, बॅलार्ड इस्टेट की मरीन ड्राइव्ह?
२. फोटोत सगळ्याच खोल्या सुंदर दिसतात. फसगत कुठे होते?
३. काही ठिकाणी 'लोकल आयडी चालणार नाही' असं लिहिलेलं दिसलं. नवरा-बायको असलो तरी? माझ्या आधारवर माहेरचंच आडनाव आहे.
४. बाथटबवाल्या खोलीला हजारभर जास्त मागतात. द्यावेत का?

फोर्टकर

हॉटेलच्या आधी तारीख बघा. जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन. पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, मरीन ड्राइव्हवरून जाते आणि फोर्ट-चर्चगेटचे बरेच रस्ते दुपारपर्यंत बंद असतात. बाहेरगावचे धावपटू आणि त्यांची घरची मंडळी शुक्रवारपासूनच त्या भागात उतरतात, त्यामुळे शनिवारचे दर चढलेले असतात आणि छोटी हॉटेलं आधी भरतात. वाढदिवस तिथीने करत असाल तर उत्तम, आठवडा बदला! मात्र पुढे सरकवताना जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीची सुरुवात टाळा. तेव्हा काळा घोडा कला महोत्सव असतो आणि शनिवारी संध्याकाळी तिथल्या रॅम्पार्ट रो रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीचा दुसरा आठवडा बरा.

तारीख तीच ठेवायची असेल तर रविवारी सकाळी टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. मेट्रो ३ आता कफ परेडपर्यंत आहे. काळा घोड्याला हुतात्मा चौक स्टेशन जवळ पडतं आणि तिथून सीएसएमटी पुढचंच स्टेशन. नाहीतर बॅगा ओढत वीस मिनिटं चाला. परतताना मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आहे का तेही शनिवारीच बघून ठेवा. गाडी नेऊ नका. या हॉटेलांना स्वतःचं पार्किंग जवळजवळ नसतंच.

आता जागा. कुलाबा कॉजवेला रात्री दहा-साडेदहापर्यंत गजबज, मग टॅक्स्यांचे हॉर्न, आणि पहाटे साडेपाचला कावळे. फिरायला, खायला सोयीचं, झोपायला नाही. ससून डॉकच्या बाजूला जितकं सरकाल तितका सकाळी बंदराचा वास. काळा घोडा मध्यममार्ग आहे : जहांगीर आर्ट गॅलरी, वस्तुसंग्रहालय, डेव्हिड ससून लायब्ररी, सगळं पाच मिनिटांत पायी.

बॅलार्ड इस्टेट या कामासाठी लोकांना सुचत नाही, पण ते कचेऱ्यांचं गाव आहे. शनिवारी दुपारनंतर रस्ते मोकळे, झाडं, एकाच धाटणीच्या दगडी इमारती. कामासाठी येणारा गिऱ्हाईक शनिवार-रविवारी नसल्याने तिथले दरही त्या दोन दिवसांत बहुधा उतरतात, कुलाब्याच्या अगदी उलट. तोटा एवढाच की रविवारी फोर्टातली बरीच जुनी उपाहारगृहं बंद असतात. नाश्ता हॉटेलातच ठरवून टाका.

मरीन ड्राइव्हबद्दल एकच. 'सी-फेसिंग' म्हणजे खिडकी समुद्राकडे. 'सी-व्ह्यू' म्हणजे गॅलरीच्या कोपऱ्यातून मान वळवली की समुद्र. दरात फरक असतो तो याचाच. 'सी ग्रीन'सारख्या तिथल्या जुन्या हॉटेलात १९३०-४० च्या सुमाराच्या आर्ट डेको शैलीची इमारत आणि गॅलरी मिळते, पण ती साधी हॉटेलं आहेत, सजवलेली नाहीत.

आणि गेटवेच्या बाजूची खोली सूर्यास्तासाठी घेऊ नका. अपोलो बंदर पूर्वेला तोंड करून आहे, तिथे सूर्य उगवतो. सूर्यास्त मरीन ड्राइव्हला. तुमचा महिना त्यासाठी चांगला आहे : जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणून चर्चगेटसमोरच्या कट्ट्यावरून तो थेट पाण्यात बुडताना दिसतो. मे-जूनमध्ये तिथूनच तो मलबार हिलच्या आड जातो. मध्य जानेवारीत सूर्यास्त सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान. सहाला कट्ट्यावर असा.

हिशोबी

१६,००० मध्ये बसवायचं असेल तर एकच आकडा लक्षात ठेवा : ७,५००.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के, आणि तोही पूर्ण रकमेवर, वरच्या फरकावर नाही. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,५०१ ची ८,८५१ ला. एका रुपयासाठी ९७६ रुपये! ७,५०० च्या दोन रात्री १५,७५०. तुमच्या बजेटची वरची रेघ इथेच आहे.

कर प्रत्येक रात्रीच्या दरावर वेगळा लागतो. शुक्रवार ६,८०० आणि शनिवार ८,२०० असेल तर ७,१४० अधिक ९,६७६, बेरीज १६,८१६. सरासरी तीच ७,५००, तरी हजाराहून जास्त फटका. अशा वेळी हॉटेलला फोन करून दोन्ही रात्री ७,४०० ला मागा. मूळ भाड्यात त्यांचे २०० जातात, तुमच्या खिशातले १,२७६ वाचतात. मॅनेजरला हे गणित माहीत असतं. शिवाय बुकिंग साइटला ते पंधरा-वीस टक्के कमिशन देतातच, तेव्हा थेट बुकिंगला बोलायला जागा असते. जादा गादी भाड्यात धरली जाते, तिच्यामुळे रेघ ओलांडत नाही ना तेही विचारा.

साइटवर पहिल्या पानावर दिसणारा दर बहुतेक वेळा कराशिवायचा असतो. शेवटच्या पानावरच्या आकड्यावरच तुलना करा.

कोपऱ्यातली_खोली

फसगत कुठे, याचं उत्तर : लोक हॉटेल बुक करतात, खोली बुक करत नाहीत.

मोठ्या हॉटेलात एका प्रकारच्या चाळीस खोल्या सारख्या असतात. शंभर वर्षांच्या इमारतीत भिंती जिथे होत्या तिथेच ठेवून खोल्या पाडलेल्या असतात, त्यामुळे एकाच दराच्या दोन खोल्यांत एकीला रस्त्यावरची उंच खिडकी आणि दुसरीला डक्टमध्ये उघडणारी झडप असू शकते. फोटो अर्थातच पहिलीचा. म्हणून खोलीचा क्रमांक मागून घ्या आणि तो व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवर लिहून घ्या. तोंडी 'हो मॅडम, बेस्ट रूम देतो' याला अर्थ नाही.

वर्णनातले शब्द ओळखायला शिका. 'कोझी' म्हणजे खोकं. 'इंटर्नल व्ह्यू', 'कोर्टयार्ड साइड' म्हणजे बऱ्याचदा डक्ट, क्वचित खरंच सुंदर चौक, फोटो मागितल्याशिवाय कळत नाही. 'हेरिटेज चार्म' म्हटलं की लिफ्ट आहे का ते विचारा. अनेक हॉटेलं इमारतीच्या एकाच मजल्यावर असतात आणि लाकडी जिना चढून जावा लागतो. कुलाब्यात रीगल सिनेमाच्या मागच्या लॅन्सडाउन हाउसमधलं 'अबोड' असंच पहिल्या मजल्यावर आहे. तिथे काही स्वस्त खोल्यांना बाथरूम सामाईक असतं. तसं ते स्पष्ट लिहितात, पण घाईत दर बघून बुक करणाऱ्याच्या नजरेतून सुटतं. वाढदिवसाला कॉरिडॉरमधून टॉवेल गुंडाळून जायची हौस नसेल तर 'अटॅच्ड बाथरूम' हे शब्द शोधा.

खोलीचं माप चौरस फुटांत विचारा. किंग पलंग ६ × ६.५ फूट. खोली १० × १२ असेल तर पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात आणि उघडलेली बॅग ठेवायला जागा नाही. १५० चौरस फुटांखाली जाऊ नका. गादी एकसंध आहे का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. तीन-तीन फुटांच्या दोन गाद्या एका चादरीखाली जोडून 'डबल' म्हणून देतात, मध्ये फट पडते, आणि रोमँटिक वगैरे सगळं त्या फटीत जातं.

आवाज. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फळ्यांत फटी असतात. आतून दुसरी काचेची खिडकी बसवली आहे का ते विचारा. नसेल तर रस्त्याची खोली देखणी असली तरी सोडा आणि मागची घ्या. लिफ्ट, पँट्री आणि रिसेप्शन यांच्याशेजारचीही नको. नाश्त्याची भांडी सकाळी सहाला वाजायला लागतात.

बाथरूम. सजवलेल्या छोट्या खोल्यांत जागा मोठी भासावी म्हणून बाथरूमला काचेची भिंत लावायची फॅशन आहे. पडदा किंवा ब्लाइंड आहे का आणि तो आतून ओढता येतो की बाहेरून, ते विचारा. सरकतं दार पूर्ण बंद होत नाही, आवाज बाहेर येतो. दहा वर्षं झाली तरी काही गोष्टी दाराआडच बऱ्या.

शेवटी पुनरावलोकनं : पाच तारेवाली सोडा, तीन तारेवाली वाचा, आणि गेल्या सहा महिन्यांतलीच. त्यात खोलीचा क्रमांक दिलेला असतो ती सोन्याची.

शिक्का_आणि_सही

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. 'लोकल आयडी नाही' हा त्या हॉटेलचा स्वतःचा नियम, कायदा नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवलीचा पत्ता असलेल्यांना ते खोली देत नाहीत. लग्न झालंय की नाही याचा संबंध नसतो, रिसेप्शनवरचा माणूस फक्त पत्ता वाचतो. अविवाहित जोडप्याने खोली घेण्यावर बंदी घालणारा कायदा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये म्हटलं आहे. पण रात्री आठला काउंटरवर निकाल वाचून दाखवण्यात अर्थ नाही. बुक करण्याआधी एक ओळ पाठवा : 'दोघांच्या आधारवर डोंबिवलीचा पत्ता आहे, चालेल ना?' उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. साइटच्या नियमांतही हे शेवटी कुठेतरी असतं, आणि तिथे असेल तर पैसे परत मिळवणं अवघड.

ओळखपत्र दोघांचंही लागतं. पॅन बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण त्यावर पत्ता नसतो. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवून न्या. आडनाव वेगळं असल्याने काही बिघडत नाही, लग्नाचा दाखला सहसा कोणी मागत नाही.

गीझर_२५_लिटर

बाथटबला हजार रुपये देण्याआधी गरम पाणी कुठून येतं ते विचारा. मध्यवर्ती बॉयलर असेल तर घ्या. खोलीत २५ लिटरचा गीझर असेल तर हे बघा : गीझरमधलं पाणी ६० अंश, टाकीतलं २५, अंघोळीला हवं ४०. २५ लिटर कढत पाण्यात गार मिसळून साधारण ५८ लिटर होतं. टबला १५० लिटर तरी लागतं. म्हणजे गीझर जवळजवळ तीनदा भरायचा, आणि २ किलोवॉटच्या गीझरला दर वेळी अर्धा तास. तिसरा हप्ता येईपर्यंत पहिला गार. १५ लिटरचा गीझर असेल तर त्या टबात कपडे भिजवा. ते हजार रुपये खिडकीवर घाला.

खिडकीची_जागा

सगळ्यांचे आभार. शनिवार बदलता येत नाही, म्हणून बॅलार्ड इस्टेटची बाजू बघतेय. हॉटेल 'रोमँटिक सेटअप' २,५०० ला देतंय : पाकळ्या, मेणबत्त्या, केक. घ्यावं का? आणि रात्री जेवायला?

फोर्टकर

सेटअप नको. पांढऱ्या चादरीवर गुलाबाच्या पाकळ्या चिरडल्या की डाग पडतो आणि काही ठिकाणी धुलाईचे पैसे लावतात. त्या झटकल्याशिवाय झोपताही येत नाही. लाकडी इमारतीत खऱ्या मेणबत्त्या लावू देत नाहीत, बॅटरीवरच्या ठेवतात. घरून निघताना दादरला उतरून निशिगंधाची जुडी घ्या, सीएसएमटीला येईपर्यंत डबा दरवळतो. बाहेरचा केक चालतो का तेवढं विचारा, आणि खोलीत फ्रिज आहे का.

जेवणाचं टेबल शनिवारसाठी आठवडाभर आधी सांगा. मासे हवेत तर फोर्टातलं 'त्रिशना' किंवा 'महेश लंच होम', दोन्ही चालत जाण्यासारखी. नऊच्या आधीची वेळ मागितली तर सहज मिळते. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहात त्या शनिवारी नाटक किंवा मैफल असेल तर तिकीट आधी काढा आणि जेवण नंतर ठेवा. मध्यरात्रीनंतर टॅक्सीला २५ टक्के जादा, आणि रिक्षा या भागात नाहीच, हे डोंबिवलीकरांनी विसरू नये. घारापुरी या खेपेला सोडा, बोटीतच जाऊन-येऊन दोन तास जातात.

रविवारी चेकआउट अकराला असेल तर शुक्रवारीच एक वाजेपर्यंत थांबू द्याल का विचारून ठेवा. मॅरेथॉनमुळे नवे पाहुणे उशिरा पोचतात, त्यामुळे त्या दिवशी हो म्हणण्याची शक्यता जास्त. नाही म्हणाले तर बॅगा रिसेप्शनवर ठेवा, टोकन घ्या, आणि रस्ते मोकळे होईपर्यंत वस्तुसंग्रहालयात जा. ते सव्वादहाला उघडतं.