काकांच्या बोलिंग बॉलसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माळा आवरताना काकांचा जुना बोलिंग बॉल (क्रिकेटचा नव्हे, घरंगळवून पिना पाडायच्या खेळातला जड, भोकांचा गोळा) सापडला. १९७०च्या दशकात अमेरिकेतून आणलेला, कोलंबिया ३०० कंपनीचा 'यलो डॉट'. पॉलिएस्टरचा, १६ पौंडी, म्हणजे सव्वासात किलो! तेव्हा अमेरिकेतले भलेभले खेळाडू हाच वापरायचे. हल्लीचे रेझिनचे बॉल जास्त वळतात, पण मला हाच प्यारा. अंगठ्याच्या भोकात अजून पावडर आहे. काका हयात नाहीत.

वर्षानुवर्षं पत्र्याखाली तापून बोटांच्या दोन भोकांमधे केसासारखी चीर पडलीय. पुण्यात ती इपॉक्सीने नीट भरून देणारं कुणी आहे का? भोकं मात्र बुजवायची नाहीत, ती काकांच्या हाताच्या मापाची आहेत. जुन्या बाजारात विचारलं, उपयोग झाला नाही.